राउटर बदलला, पहारा सुटला
कर्जत-खालापूरच्या घरांतील बिनतारी कॅमेरे पुन्हा जोडताना

उल्हास नदीच्या खोऱ्यात, नेरळहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेल्या एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मागे आंब्याची चार झाडे, पुढे लोखंडी फाटक, अंगणावर पत्र्याची पडवी. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आई आणि सोबतीला गावातीलच एक बाई. मुलगा-सून मुलुंडला. दररोज सायंकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून आई मागील दार लावते आणि अंगणातील दिवा लावते, तेव्हा मुलगा कार्यालयातून निघता निघता मोबाइलवर ते दृश्य पाहतो. दोघांमध्ये एक शब्दही बोलला जात नाही. तरी दोघांनाही दिवस नीट पार पडल्याचे कळते.

एका गुरुवारी इंटरनेट सेवा देणाऱ्याकडून माणूस येतो, जुना राउटर काढतो, भिंतीवर नवा बसवतो, दूरचित्रवाणीवर एक चित्रफीत लावून वेग दाखवतो आणि सही घेऊन जातो. त्या सायंकाळी मुलाच्या मोबाइलवर चारही चौकटी काळ्या पडतात. प्रत्येकीवर एकच शब्द असतो, ‘ऑफलाइन’. तो आईला फोन करतो. फोन आतल्या खोलीत, आई अंगणात. दुसऱ्यांदा करतो, तिसऱ्यांदा करतो. त्यानंतरची दोन तासांची वाट कशी जाते, हे ज्याच्या वाट्याला आले आहे त्यालाच ठाऊक. पोहोचल्यावर आई शांतपणे विचारते, “अरे, आज गुरुवारी कसा आलास?”

हे घर प्रातिनिधिक आहे. परंतु असा प्रसंग कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत कोणत्याही घरी घडू शकतो. गंमत अशी की, या घरात काहीच बिघडलेले नसते. कॅमेरे ठीक, इंटरनेट ठीक, आईही ठीक. बदललेले असते ते केवळ एक नाव.

या खोऱ्यातील घरे

मुंबईपासून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटरवर कर्जत आणि तेथून १५ किलोमीटरच्या फाट्यावर खोपोली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली, तेव्हापासून या खोऱ्याचे आणि मुंबईचे नाते जुळले. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली, १९२२ मध्ये भिवपुरीला दुसरे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना या खोऱ्यातून वीज जाऊ लागली. आज प्रवाह उलट्या दिशेनेही वाहतो. मुंबई-ठाण्याची कुटुंबे नेरळ, कडाव, चौक, वावोशी, खोपोली या परिसरात दुसरे घर बांधतात. कोणाचे ते वर्षातून वीस दिवस उघडते, कोणाच्या घरी वडीलधारी मंडळी निवृत्तीनंतर कायमची राहतात.

अशा घरांत तारा न ओढता बसणारा कॅमेरा सोयीचा ठरतो. भिंत फोडावी लागत नाही, वीज मिळाली की काम भागते आणि दूरवरून घर पाहता येते. बंद घराचे फाटक, एकट्या आईचे अंगण, गावातील लहानशा मंदिराचा गाभाऱ्याबाहेरचा मंडप, हे सर्व आज अशाच कॅमेऱ्यांच्या भरवशावर असते. म्हणूनच राउटर बदलण्याची किरकोळ वाटणारी घटना या घरांसाठी किरकोळ राहत नाही. कॅमेरा कर्जतला आणि त्याचा मालक मुलुंडला असेल, तर मधले अंतर एका बटणाने मिटत नाही.

कॅमेरा काय ओळखतो?

कॅमेरा घराला ओळखत नाही, मालकालाही ओळखत नाही. पहिल्यांदा बसवताना त्याला दोन गोष्टी सांगितलेल्या असतात : घरातील वाय-फाय जाळ्याचे नाव आणि त्याचा पासवर्ड. या दोन गोष्टी तो स्मृतीत साठवतो. वीज गेली, परत आली, तरी तो तेच नाव शोधतो आणि तोच पासवर्ड पुढे करतो.

नवा राउटर मात्र कारखान्यातून स्वतःचे नाव घेऊन येतो; त्याच्या पाठीवरील किंवा तळाच्या चिठ्ठीवर ते छापलेले असते. बिचारा कॅमेरा जुन्या नावाने हाका मारत राहतो आणि त्या नावाचे घरात कोणीच उरलेले नसते. त्याचा दिवा लुकलुकत राहतो आणि मोबाइलवर ‘ऑफलाइन’ दिसते.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल आणि वीज चालू असेल, तर जोडणी तुटल्यावरही बहुतेक कॅमेरे कार्डावर चित्रण करीत राहतात. दिसत नाही ते केवळ दूरवरून. मात्र कार्ड भरले की जुने चित्रण पुसून त्यावर नवे उमटते; म्हणून त्या काळातील एखादा प्रसंग पाहायचा असेल तर विलंब करू नये. ज्यांचे चित्रण केवळ कंपनीच्या दूरस्थ साठवणुकीत, म्हणजे क्लाउडवर जाते, त्यांच्या बाबतीत जोडणी तुटल्यावरचा काळ रिकामाच राहतो.

सर्वांत सोपी वाट : नाव तेच, पासवर्ड तोच

कॅमेरा ज्या नावाला ओळखतो, ते नावच नव्या राउटरला दिले तर? बहुतेक घरांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो. नव्या राउटरच्या व्यवस्थापनात जाऊन जाळ्याचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीसारखे ठेवावेत. अक्षरशः म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. इंग्रजी लिपीतील मोठे आणि लहान अक्षर येथे वेगळे मानले जाते; दोन शब्दांमधील मोकळी जागा, आडवी रेघ, शेवटचा आकडा, सर्व जसेच्या तसे हवे. हे जुळले की कॅमेरे काही मिनिटांत आपोआप जोडले जातात. शिडी लावावी लागत नाही, बटण दाबावे लागत नाही. घरातील दूरचित्रवाणी आणि आईचा मोबाइलही त्याच वेळी पूर्ववत होतात.

दूर राहणाऱ्या कुटुंबासाठी या वाटेचे मोल मोठे आहे, कारण कॅमेरा नव्याने जोडायचा तर कोणीतरी त्याच्यापाशी उभे राहावेच लागते. नाव बदलण्याचे काम मात्र राउटर बसवायला आलेला तंत्रज्ञ तेथेच पाच मिनिटांत करू शकतो. अनेक सेवा पुरवठादारांच्या ॲपमधून ते ग्राहकाला दूरवरूनही करता येते. यासाठी जुने नाव आणि जुना पासवर्ड आधीपासून लिहिलेला हवा. राउटर काढून नेल्यावर तो आठवू लागणे म्हणजे पाहुणे गेल्यावर पाट मांडण्यासारखे आहे.

या वाटेला एक अपवाद आहे. जुना पासवर्ड घराचे नाव, जन्मसाल किंवा ओळीने आठ आकडे असा सहज ओळखता येणारा असेल, किंवा रंगारी, गवंडी, पाहुणे अशा अनेकांना वर्षानुवर्षे दिला गेला असेल, तर तो पुढे चालवू नये. अशा वेळी नवा, लांब पासवर्ड ठेवून प्रत्येक कॅमेरा नव्याने जोडण्याचे कष्ट घ्यावेत. तेवढे कष्ट सार्थकी लागतात.

दोन लहरींचा घोळ

नाव आणि पासवर्ड जुळूनही कॅमेरा जोडला जात नाही, तेव्हा कारण बहुधा लहरींमध्ये असते. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला; दुसऱ्याच्या मोठ्या भागाला तशी मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. पाच गिगाहर्ट्झ वेगवान आहे, परंतु त्याची लहर भिंतीत लवकर क्षीण होते. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण ती लांब जाते आणि भिंतीपलीकडेही बऱ्यापैकी पोहोचते. म्हणूनच अनेक घरगुती कॅमेरे केवळ २.४ वर चालतात. दुसरी लहर त्यांना ऐकूच येत नाही.

नवे राउटर दोन्ही लहरी एकाच नावाखाली प्रसारित करतात. रोजच्या वापराला ते सोयीचे असते; परंतु कॅमेरा जोडताना मोबाइल ५ वर आणि कॅमेरा २.४ वर, अशी चुकामूक होऊ शकते. उपाय सोपा आहे. राउटरच्या व्यवस्थापनात दोन लहरींना दोन निरनिराळी नावे द्यावीत आणि जुने नाव २.४ च्या लहरीला द्यावे. ते जमत नसेल तर कॅमेरे जोडून होईपर्यंत ५ ची लहर तात्पुरती बंद ठेवावी.

दुसरी अडचण सुरक्षा-पद्धतीची. २०१८ पासून ‘डब्ल्यूपीए-३’ ही नवी पद्धत आली. ती अधिक भक्कम आहे, परंतु जुन्या कॅमेऱ्यांना ती उमगत नाही. राउटर केवळ तिच्यावर ठेवलेला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा बाहेरच राहतो. अशा वेळी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा दोन्हींचे मिश्रण हा पर्याय निवडावा. पासवर्ड नसलेले खुले जाळे मात्र कधीही ठेवू नये.

पुन्हा जोडणी करावी लागली तर

कॅमेरा नव्याने जोडायचाच असेल, तर प्रथम ॲपमधील त्या कॅमेऱ्याच्या व्यवस्थापनात ‘वाय-फाय बदला’ अशा अर्थाचा पर्याय आहे का, ते पाहावे. तो असल्यास जुन्या मांडणीला हात न लावता काम होते. नसल्यास कॅमेऱ्यावरील रीसेटचे बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरावे. काही कॅमेऱ्यांत ते बारीक छिद्राआड असते आणि तेथे टाचणी लागते. दिव्याची लुकलुक बदलली किंवा कॅमेऱ्यातून सूचना ऐकू आली, की तो नवे नाव ऐकण्यास सिद्ध झाला असे समजावे. त्यानंतर ॲप मोबाइलच्या पडद्यावर एक क्यूआर चौकट दाखवते. ती कॅमेऱ्याच्या भिंगासमोर वीतभर अंतरावर धरावी लागते. काही कॅमेरे याऐवजी स्वतःचे तात्पुरते वाय-फाय निर्माण करतात आणि मोबाइलने प्रथम त्याला जोडून घ्यावे लागते.

उंचावरचा कॅमेरा शक्य असल्यास खाली उतरवून, राउटरजवळ आणून जोडावा आणि मग जागेवर चढवावा. ओल्या पत्र्यावर शिडी लावून एका हातात मोबाइल धरण्याचा मोह टाळावा. हे काम एकट्या वृद्ध व्यक्तीला फोनवरून सांगून कधीही करवून घेऊ नये.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची आहे. ॲपमधून कॅमेरा घाईने काढून टाकू नये. अनेक कंपन्यांचे कॅमेरे पहिल्यांदा ज्या खात्यातून जोडले गेले, त्या खात्याला बांधलेले राहतात. बसवणाऱ्या कारागिराने ते स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या खात्यात जोडले असतील, तर रीसेट करूनही घरमालकाला ते आपल्या खात्यात घेता येत नाहीत. आधी त्या मूळ खात्यातून सोडवावे लागतात. ही गोष्ट उघड होते तीही बहुधा राउटर बदलल्यावरच.

ज्यांच्या घरी कॅमेरे एका रेकॉर्डरला जोडलेले आहेत, त्यांचे प्रकरण थोडे निराळे. काही बिनतारी संचांत रेकॉर्डर स्वतःचे वेगळे वाय-फाय चालवतो. तेथे राउटर बदलला तरी कॅमेरे सुटत नाहीत, फक्त रेकॉर्डरची तार नव्या राउटरला लावावी लागते. परंतु रेकॉर्डरला ठरावीक अंतर्गत पत्ता दिलेला असेल आणि नव्या राउटरची पत्त्यांची मालिका वेगळी असेल, तर घरात सर्व चित्रे दिसतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रेकॉर्डरला पत्ता आपोआप घेऊ देण्याचा पर्याय निवडला की बहुधा काम होते.

पाऊस, वीज आणि पत्रे

कर्जत-खालापूरच्या पावसाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. येथील घरांत पावसाळ्यासाठी गच्चीवर आणि अंगणावर पत्रे घातले जातात. धातूचा पत्रा बिनतारी लहरींना भिंतीपेक्षाही अधिक अडवतो. उन्हाळ्यात नीट चालणारा फाटकावरचा कॅमेरा आषाढात अडखळू लागला, तर मधली ओली, दाट पालवी आणि नवा पत्रा ही दोन कारणे आधी तपासावीत. नवा राउटर जुन्याच जागी बसवला जातो असेही नाही. फायबरची तार जेथून आत येते तेथेच तो टांगला जातो आणि फाटक पूर्वीपेक्षा दोन भिंती दूर जाते. तंत्रज्ञ घरी असतानाच मोबाइल घेऊन प्रत्येक कॅमेऱ्याखाली उभे राहावे आणि लहर किती पोहोचते ते पाहावे. ती क्षीण असल्यास राउटर हलवावा किंवा मध्ये लहर पुढे नेणारे एखादे उपकरण बसवावे.

वीज जाण्याचे प्रमाणही पावसात वाढते. राउटरसाठी लहान बॅटरीचा संच मिळतो. काही तासांचा खंड तो सहज भरून काढतो. मात्र फायबरचा डबा आणि राउटर निराळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत, आणि कॅमेरा थेट विजेवर असेल तर त्याचाही विचार करावा लागतो. अन्यथा राउटर जागा आणि कॅमेरा झोपलेला, अशी स्थिती होते. घरापासून दूर असलेल्या विहिरीवर किंवा गोठ्यावर मोबाइल सिमवर व सौरऊर्जेवर चालणारा कॅमेरा बसवता येतो. त्याचा राउटरशी संबंधच नसतो. फक्त तेथे मोबाइलची लहर पुरेशी आहे का, ते आधी पाहावे.

किल्ली कोणाच्या हाती?

राउटर बदलणे ही एक प्रकारे घराचे कुलूप बदलण्याची संधी आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील घरगुती कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी तिने कोणतीही अवघड युक्ती वापरली नाही. कारखान्यातून आलेले आणि मालकांनी कधीच न बदललेले पासवर्ड तिने एकामागून एक वापरून पाहिले. त्या कॅमेऱ्यांच्या बळावर त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. आपल्या देशातही केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे आवश्यक निकष अधिसूचित केले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. नवा कॅमेरा घेताना त्याने ही चाचणी पार केली आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

घरात करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. कॅमेऱ्याच्या खात्याला मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची दुसरी कडी लावावी. ॲपमध्ये कोणाकोणाला पाहण्याची मुभा आहे ती यादी उघडून, ज्यांचे काम संपले त्यांची नावे काढावीत. जुना राउटर परत देताना किंवा भंगारात टाकताना त्याचे रीसेट बटण दाबून त्यातील नाव-पासवर्ड पुसून टाकावेत. नव्या राउटरवर जुनेच नाव चालवले असेल तर हे विसरून चालणार नाही. कॅमेऱ्यातील चित्रणाचा कोणी गैरवापर केल्याचे लक्षात आले, तर १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मंदिरे, धर्मशाळा आणि पाठशाळांच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी. तेथील पासवर्ड बहुधा एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये असतो. तो परगावी गेला किंवा विश्वस्त मंडळ बदलले, की किल्ली हरवते. खाते संस्थेच्या नावाच्या ई-मेलवर असावे आणि त्याची नोंद संस्थेच्या दप्तरात बंद पाकिटात ठेवावी. चातुर्मासात वर्दळ वाढते आणि पर्वाच्या दिवसांत सर्वांचे मोबाइल बंद असतात. म्हणून ही तपासणी त्यापूर्वीच उरकलेली बरी.

कॅमेरा कोणाकडे पाहतो?

कॅमेरे पुन्हा जोडताना प्रत्येकाची चौकट मोठी करून एकदा शांतपणे पाहावी. फाटकाकडे लावलेला कॅमेरा वाऱ्यापावसाने वळून राखणदाराच्या खोलीच्या दारावर तर स्थिरावला नाही ना? शेजाऱ्याचे अंगण, बायका पाणी भरतात ती जागा, न्हाणीघराची वाट, यांपैकी काही त्यात येते का? बंद घरे सांभाळणाऱ्या कुटुंबांचा संसार त्याच आवारात चालतो. त्यांना कॅमेरे कोठे आहेत, काय दिसते आणि आवाजही टिपला जातो का, हे स्पष्ट सांगणे हा साधा सभ्यपणा आहे. संमतीविना एखाद्याच्या खासगी शरीरभागाचे चित्र टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ ई’ कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, यांस पात्र असा गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या कितीतरी आधी विश्वासाची रेषा येते. ज्याच्या भरवशावर घर सोडले, त्याच्यावरच डोळा रोखणे उचित नव्हे.

वहीतील एक पान

नेरळ-कशेळे रस्त्यावरील त्या घरी मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी काय केले? जुन्या राउटरच्या खोक्यात पासवर्डची चिठ्ठी होती. त्याने नव्या राउटरच्या २.४ च्या लहरीला जुने नाव आणि जुना पासवर्ड दिला, डब्ल्यूपीए-२ निवडले आणि चहा होईपर्यंत तीन चौकटी उजळल्या. चौथा कॅमेरा पडवीच्या पत्र्याआड होता. त्यासाठी राउटर दिवाणखान्याच्या दुसऱ्या भिंतीवर न्यावा लागला.

त्यानंतर त्याने आणखी एक गोष्ट केली. आईच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर वाय-फायचे नाव, पासवर्ड, कॅमेऱ्याचे खाते कोणाच्या मोबाइलवर आहे ते आणि सेवा पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला. खाली शेजारच्या काकांचा क्रमांकही लिहिला. चौकटी पुन्हा कधी काळ्या पडल्या, तर आधी काकांना फोन करायचा, ते अंगणात डोकावून आई दिसते का सांगतील, असे ठरले. आईने ते पान वाचले आणि म्हणाली, “एवढे लिहिलेस, ते बरे झाले. आता संध्याकाळी फोनही करीत जा. कॅमेऱ्यात मी दिसते तुला. तू कुठे दिसतोस मला?”

त्या सायंकाळपासून दिवा लावण्याच्या वेळी त्या घरात फोनही वाजतो.